पाचवी जागा

गृहस्थाच्या घरात नकळत हिंसा घडते अशा पाच जागा मनुस्मृतीने मोजल्या आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्या दोषाच्या निवारणासाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत. त्या ग्रंथातले पुष्कळसे टाकून देण्याजोगेच आहे, पण ही पाचवी जागा मनातून जात नाही. मनात काही वाईट नसताना हातून कोणाला इजा झाली तर तिचा दोष आपल्याकडे येतो का? शहराच्या नळापाशी या प्रश्नाला बगल देता येत नाही.

साबणाच्या पाण्याने भरलेली बादली आहे आणि नळाला लावलेल्या रबरी पाइपचे टोक त्यात बुडलेले आहे. नळाला दाब आहे तोवर पाणी बादलीतच पडते. पण रस्त्याखालची वाहिनी फुटली, पाणी जायची वेळ झाली किंवा खालच्या मजल्यावर कोणी थेट नळजोडणीवर मोटार लावली, की दाब उतरतो आणि तोच पाइप बादलीतले पाणी उलटे ओढू लागतो. पाणी पुन्हा आले की ते भलत्याच घरातल्या पेल्यात पडते. १९६९ साली अमेरिकेतल्या वूस्टर शहरात होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या बाबतीत असेच घडले. जवळपास आग लागली, बंबांनी पाणी खेचले, दाब उतरला आणि सराव-मैदानातल्या फवाऱ्यांच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात शिरले. ९७ पैकी सुमारे ९० जणांना काविळीची लागण झाली. आग विझवणारे तर लोकांची घरे वाचवत होते.

बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. त्या मापाने वूस्टरमध्ये कोणीच दोषी ठरत नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने मात्र हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आणला: गाफीलपणाने जीव दुखावणे ही हिंसाच. मला हे दुसरे म्हणणे पटते. बंबवाल्यांकडे प्रमाद नव्हता. प्रमाद होता तो पिण्याची वाहिनी आणि घाण साचणारा खड्डा यांच्यामध्ये कोणतीही आडकाठी न ठेवता काम पुरे झाले म्हणण्यात. ज्याला हे ठाऊकच नव्हते त्याला पापी कसे म्हणायचे, असे कोणी विचारील. म्हणू नये, पण कळल्यानंतरही पाइप बादलीतच राहिला तर अज्ञानाची ढाल उरत नाही. पालिका क्लोरीन घालतेच की, हा दुसरा आक्षेप. नळाच्या टोकाशी उरणारा क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजतात. गटाराचे पाणी आत ओढले गेले की तो पाहता पाहता संपतो. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. जिथे दिवसाला दोन तास पाणी येते तिथे माणूस मोटार लावणार नाही तर काय करील? म्हणूनच दोष सर्वांवर सारखा वाटता येत नाही. वाहिन्या रोज रिकाम्या पडू देणाऱ्या व्यवस्थेकडे त्याचा मोठा वाटा जातो, कारण उपाय करण्याचे बळ तिच्याकडे आहे.

पाण्याच्या शुद्धीची चिंता आपल्या समाजाने काही कमी केली नाही. ती केली भलत्या जागी. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि हजारो अस्पृश्य महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी दही, दूध, गोमूत्र आणि शेणाचे १०८ घडे ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. ज्या स्पर्शाने पाणी कधीच बिघडले नव्हते त्याचा विटाळ मानला, आणि शेण पाण्यात कालवणे पुण्याचे ठरले. माणसामाणसांत राखलेले ते अंतर अधर्म होते. अंतर हवे ते पाण्यापाण्यात. भांड्याचा काठ आणि नळाचे तोंड यांच्यामध्ये नळाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान एक इंच, मोकळी हवा ठेवायची, एवढाच तो नियम. टाकी काठोकाठ भरली आणि त्याच क्षणी रस्त्यातला दाब गेला, तरी तेवढी हवा ओलांडून पाणी वर चढत नाही.