सीआरपीच्या आधी शेळीची चौकशी

उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि बऱ्याचदा जुळी देणारी. पीक गेलं त्या वर्षी धाराशिवच्या कोरडवाहू घरांना तिच्या विक्रीनेच हात दिला आहे. करडं सांभाळायची ती पोरांनी. ती त्यांना उराशी धरतात, शेळीचं धारोष्ण दूध पितात. ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जिवाणू मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांतच मुक्काम करतो. म्हणून या जिल्ह्यात मुलाचा ताप दोन आठवडे हटला नाही, तर त्या जिवाणूमुळे होणाऱ्या ब्रुसेलोसिसचा संशय लवकर यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पण आधी हातात पडतो तो रक्ताचा रिपोर्ट. दाहाच्या खुणांपैकी सीआरपी थोडा वाढलेला, ईएसआर जेमतेम वर, पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमीच. घरच्यांना हायसं वाटतं, आणि इथेच फसगत होते. शरीरात दाह पेटला की त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करतं. ब्रुसेलाच्या आवरणातलं विष मात्र इतर अनेक जिवाणूंच्या मानाने सौम्य, शरीराला फारसं न डिवचणारं. शिवाय ज्या पेशींनी जिवाणूंना गिळून संपवायचं, त्यांच्याच पोटात तो राहतो आणि वाढतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड करावं तसं. आकडा लहान म्हणजे आजार लहान, हा हिशेब त्यामुळे चुकतो. गुडघा किंवा खुबा सुजून मूल लंगडू लागलं, तरी पांढऱ्या पेशी नॉर्मल असू शकतात.

या खुणा निरुपयोगी नाहीत. पेशींचं परस्पर प्रमाण, प्लेटलेटचा आकार यांवर तुर्कस्तानातल्या बालरोगतज्ज्ञांनी बरंच काम केलं आहे. संशय बळावायला, उपचाराचा कल पाहायला त्यांची मदत होते. पण ब्रुसेला, क्षय, विषमज्वर आणि संधिवात यांतला फरक त्या सांगत नाहीत. आपल्याकडे लांबलेला ताप विडाल या विषमज्वराच्या तपासणीवर जाऊन थांबतो, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते. ब्रुसेलासाठीची रोज बंगाल ही तपासणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. ती ग्रामीण रुग्णालयात असलीच पाहिजे. पुढे खात्रीसाठी प्रतिपिंडांचं प्रमाण मोजावं, शक्य तिथे रक्ताचं कल्चर करावं.

उपचार किमान सहा आठवड्यांचा, दोन औषधांचा. आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा कोट्रायमोक्साझोल आणि रिफाम्पिसिन. ताप त्याआधीच उतरतो, सीआरपीही खाली येतो. तो रिपोर्ट पाहून गोळ्या थांबवल्या, तर आजार उलटतो.

माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये हा जिवाणू शोधला. तो शेळ्यांतून येतो हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. आपल्या डॉक्टरांनीही आधी शेळीचंच विचारावं: घरी शेळ्या आहेत का, एखादी गाभडली का, वार कोणी उचलली, दूध उकळता का? गाभडलेल्या शेळीची नोंद पशुवैद्यकाकडे असेल, तर ती बालरोगतज्ज्ञापर्यंत पोचायला हवी.

2019 मध्ये सुरू झालेल्या पशुरोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना दिली जाते. शेळ्यांसाठी रेव्ह-1 नावाची लस जगात अनेक वर्षं वापरात आहे. ती जिवंत जिवाणूची असल्याने गाभण शेळी गाभडण्याचा आणि टोचणाऱ्यालाच संसर्ग होण्याचा धोका आहे, तेव्हा घाई नको. पण जिथली शेळी जिल्ह्याचं जुनं नाव घेऊन देशभर ओळखली जाते, तिथे निदान कळपांची रक्ततपासणी तरी याच वर्षी सुरू व्हावी.