अनुशेषाची दुसरी वही

मागच्या उन्हाळ्यात वरुडकडे मामाच्या वावरातली संत्र्याची बाग तोडली. झाडं अठरा वर्षांची होती, म्हणजे ऐन कमावती. कोळशी-डिंक्यासारख्या रोगानं नाही, पाण्यावाचून गेली. लाकूड वीटभट्टीवाल्यानं उचललं. मामानं नोटा मोजल्या, बंडीच्या खिशात घातल्या आणि म्हणाला, "भाऊ, यंदाचा बहार हाच समज."

त्याआधी त्यानं तीन बोअर मारून पाहिले होते. तिसऱ्याच्या रात्री मी तिथंच होतो. तमिळनाडूच्या नंबरची गाडी, कानठळ्या बसवणारा कॉम्प्रेसर. दर काही फुटांनी वर येणारा भुगा एक पोरगा घमेल्यात घेऊन ओळीनं मांडत होता. आधी काळा, मग करडा, मग गेरूसारखा लाल. लाल दिसला की मामा पुढं जाऊन चिमटीत धरून पाही, ओल लागते का म्हणून. सातशे फुटांनंतर नुसता फुफाटा निघाला. शेजारच्या घरांच्या खिडक्या फटाफट लागल्या. नऊशेवर गाडी थांबली. बिल फुटावर असतं, पाण्यावर नाही.

त्या रात्रीचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाच्या रीतीनं मांडून पाहावा. बोअर खोदणं ही भांडवली गुंतवणूक, ती जमेत. गाडीवाल्याची कमाई, केसिंग पाइप, डिझेल हेही कुठं ना कुठं जमेतच. भट्टीला गेलेलं लाकूडसुद्धा कुणाच्या तरी उत्पन्नात धरता येतं. बाग हिरवी होती तेव्हाची संत्री तर होतीच. एवढ्या व्यवहारात जमिनीखालचं पाणी संपलं, त्याची नोंद कुठंच नाही. यंत्र झिजलं तर घसारा धरतात. पाण्याची पातळी पाचशे फूट खाली गेली, तिला घसारा नाही. वरुड तालुका भूजलाच्या सरकारी मोजणीत वर्षानुवर्षं अतिशोषित म्हणून नोंदला जातो, आणि ज्या वर्षी सर्वांत जास्त बोअर मारले जातात ते वर्ष उत्पन्नाच्या तक्त्यात बरं दिसण्याची शक्यता जास्त. मोजणारे लबाड आहेत असं नाही. त्यांची वहीच एकेरी आहे.

वहीचं मी मुद्दाम म्हणतो, कारण हिशेबाच्या वहीशी आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं नातं जुनं आहे. अनुशेष हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आमच्याकडं पानटपरीवरही तो कळतो. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ मध्ये राज्यातल्या जिल्ह्यांचा रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असा एकेक हिशेब मांडून मागासलेपणाचा, म्हणजेच अनुशेषाचा, आकडा काढला. तो ३ हजार कोटींच्या वर गेला आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. पुढं १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश आले, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. बाकीच्या विभागांचा सिंचनाचा अनुशेष कागदावर मिटला तरी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम हे जिल्हे यादीत रेंगाळतच राहिले. आमच्या राजकारणाच्या दोन पिढ्या या एका शब्दावर पोसल्या गेल्या. भाषणं झाली, मोर्चे निघाले, काही धरणंही झाली.

पण ही वही फक्त न मिळालेल्याची. आमच्याकडून काय गेलं, आम्ही स्वतःच काय उपसून खाल्लं, याची दुसरी वही कुणी उघडली नाही. दांडेकरांना दोष देत नाही. त्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. मात्र सिंचनाचा अनुशेष हेक्टरात मोजणाऱ्या आम्हाला भूजलाचा अनुशेष फुटांत मोजावा असं चाळीस वर्षांत सुचलं नाही, हे आमचंच अपयश. आणि त्यात एक गोम अशी, की धरणाचं पाणी मिळालं नाही म्हणूनच बोअर वाढले. पहिल्या वहीतली बाकी आम्ही दुसरीतून फेडत आलो.

ही दुसरी वही कशी लिहायची, याचा विचार जगात झालेला आहे. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१३ मध्ये भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाची आकडेवारी वेगळी छापतं. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २०२५ मध्ये राष्ट्रीय लेख्यांची पद्धत सुधारली, तीत नैसर्गिक साठ्याची झीज हा उत्पादनाचाच खर्च मानला आहे. तो निव्वळ उत्पन्नातून वजा व्हायचा. एकूण उत्पन्नाचा आकडा, जो मथळ्यात येतो, तो तसाच राहणार. म्हणजे मामाच्या बोअरची बातमी मथळ्यात यायची नाहीच.

मग निसर्गाला थेट किंमतच लावावी का? अर्थशास्त्र शिकलेला माझा एक मित्र म्हणतो, ज्याला भाव नाही त्याला वाली नाही. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याला जावं लागेल. तिथं ऊर्ध्व वर्धा धरण आहे, मुळात शेतीसाठी बांधलेलं. अमरावतीलगत नांदगाव पेठेला १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र ठरलं, तेव्हा या धरणातलं वर्षाला सुमारे ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी त्याच्या नावे झालं. आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. २०११ मध्ये तर राज्याच्या जलनियमन कायद्यातच दुरुस्ती करून पाण्याची अशी जुनी वाटपं कायम करण्यात आली. आता किमतीच्या तराजूत हे पाणी घाला. उद्योगाचा पाणीदर शेतीच्या कैक पट. एका घनमीटरमागं वीज केंद्र जेवढं उत्पन्न दाखवेल तेवढं कापूस कधीच दाखवणार नाही. 'कोण किती द्यायला तयार आहे' एवढंच विचारलं, तर निकाल प्रश्नातच लिहिलेला असतो. कालव्याच्या टोकाला बसलेल्याची ऐपत ही त्याच्या गरजेचं माप नव्हे, पण या तराजूत माप तेच.

जंगलाचीही हीच गत. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये वनजमीन वळवायची असेल तर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये भरावेत असं ठरवलं. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. हेतू अटकाव करण्याचा होता. मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मात्र ती सिमेंट-लोखंडाच्या खालची एक ओळ होऊन बसली. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं २०१९ च्या अभ्यासात मेळघाटासह दहा व्याघ्र प्रकल्पांचे लाभ रुपयांत मांडले: वर्षाला प्रत्येकी सुमारे ५ हजार ते १६ हजार कोटी. आकडा वाचून छाती फुगते, मग शंका येते. हे कोटी कुणाच्या खिशात येतात?

मला विचाराल तर मेळघाटाचं मोल दर्यापूरच्या एखाद्या घरातल्या दोन हंड्यांत दिसतं. एक खारा, भांडी-धुण्याचा. दुसरा गोडा, झाकून ठेवलेला. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांना गोडं पाणी येतं ते शहानूरचं, वाणचं. या नद्या सातपुड्यातून, मेळघाटच्या रानातून उतरतात. वाण धरणाचं पाणी दुसरीकडं वळवायची गोष्ट निघाली की तेल्हाऱ्याचा शेतकरी रस्त्यावर येतो, आणि तहानलेला खारपाणपट्टा त्याच धरणाकडं डोळे लावून असतो. दोघंही खरे. रान राखलं नाही तर दोघांचंही भांडण उरणार नाही, कारण भांडायला पाणीच नसेल. अकोला-खंडवा रेल्वे मीटरगेजची ब्रॉडगेज करताना ती व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून न्यायची की बाहेरून, यावर आमच्याकडं वर्षानुवर्षं वाद झाला. त्यात किलोमीटर मोजले, कोटी मोजले, वाघ मोजले. हंडा कुणी मोजला नाही.

आणि रान राखलं म्हणताना ते कुणाच्या खर्चानं राखलं, हेही लिहायला हवं. बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी उठली. पुढं गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, धारगड. मेळघाटातली कोरकू माणसं खाली अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. या पुढच्या गावांना मोबदला कुटुंबामागं १० लाख होता, अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब. आकडा लहान नव्हता. पण मोहफुलं, तेंदूपान, जळण, गुरांचं चरणं, अंगणापासून हाकेवरचा झरा या गोष्टी कधी विकतच घेतल्या नव्हत्या. त्यामुळं त्यांचा भाव कुणाला सांगता आला नाही, आणि विचारलाही नाही. सपाटीवर आल्यावर त्यातली प्रत्येक वस्तू दुकानातून आणावी लागली. तक्त्यात हे त्या कुटुंबाचं वाढलेलं राहणीमान दिसेल, कारण त्याचा खर्च वाढला. जानेवारी २०१९ मध्ये काही कुटुंबं केलपाणीकडं परत चढली, वन कर्मचारी आणि पोलिसांशी चकमक झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. गोड्या हंड्याचा काही भाग त्यांनी भरला, असं मी मानतो. पाणीपट्टीच्या पावतीवर त्यांचं नाव नाही.

म्हणून किंमत लावण्यापेक्षा नोंद ठेवण्याच्या बाजूनं मी आहे. तालुक्याची वही तालुक्यात असावी. विहिरीची पातळी फुटांत, बोअर नगांत, गोडं पाणी हंड्यांत, रानातून उठवलेली घरं नावानिशी. सगळं रुपयांत आणायची घाई नको; रुपयांत आणलं की बेरीज होते, आणि बेरीज झाली की एकाची हानी दुसऱ्याच्या नफ्यात जिरून जाते.

मामाला हे सगळं सांगून पाहिलं. त्यानं अडकित्त्यात सुपारी धरली. "लिही बापू, पण पोट्ट्याले सांग, मोटर विकू नको म्हना. पाऊस बरा झाला त खालून येईन पानी." बागेच्या जागी त्यानं यंदा तूर पेरली आहे. तिसऱ्या बोअरच्या तोंडावर सपाट दगड ठेवलाय, वासरू पाय घालेल म्हणून. त्या बोअरच्या कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षं आहेत.