दोष आणि पथ्य

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस, पंचगंगेच्या कांठीं वसलेलें कसबा बावडा हें उसाच्या मुलखांतलें गांव. छत्रपति राजाराम सहकारी साखर कारखाना याच गांवांत आहे. आणि थंडीच्या दिवसांत या पंचक्रोशींत गुऱ्हाळाच्या काहिलीचा गोड वास वाऱ्यावर येतो. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, ती गुळाच्या व्यापारानेंच नांवारूपास आली. अशा या मुलखांत 'साखर' हा शब्द घरच्या माणसांनीं एकाएकीं दबक्या आवाजांत उच्चारावा, असा प्रसंग आम्हीं मध्यंतरीं पाहिला.

आमच्या परिचयाच्या एका घरीं नऊ वर्षांच्या मुलीस मधुमेह जडला. तीन आठवडे तिला सारखी तहान लागत होती, रात्रीं अंथरूण ओलें होत होतें, अंग झडत चाललें होतें. उन्हाळ्याचे दिवस म्हणून घरच्यांनीं तें मनावर घेतलें नाहीं. शेवटीं ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास जोरानें चालूं लागला, तेव्हां तिला इस्पितळांत नेलें आणि ती थोडक्यांत बचावली. त्याच घरांत तिच्या आजोबांसही पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. समाचारास आलेल्या एक बाई नातीकडे पाहून म्हणाल्या, "पोरीनं काय पाप केलं होतं?" आजोबांकडे पाहून म्हणाल्या, "यांनी मात्र गूळ खाऊन ओढवून घेतलं." आणि निघतांना मुलीची आई आम्हांस दाराशीं हळूच म्हणाली, "कुठं बोलू नका. उद्या हिचं लग्न व्हायचं आहे."

हीं तीन वाक्यें आमच्या मनांतून जाईनात. वरवर पाहतां तीं निरनिराळीं आहेत. परंतु त्यांच्या मुळाशीं समजूत एकच, कीं रोग हा दंड आहे. दंड म्हटला कीं अपराधी शोधणें आलें. अपराधी सांपडला तर त्यास बोल लावावा, न सांपडला तर कींव करावी, आणि दोहोंपैकीं कांहींच सोसवत नसेल तर गोष्ट झांकून ठेवावी. ही समजूत खरी आहे काय, हाच आमचा प्रश्न आहे.

सुश्रुतानें प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्त' असे दोन भेद सांगितले. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. हा भेद आणि आजचा भेद तंतोतंत एक नव्हेत. तरी रोग दोन वाटांनीं येतो हें त्यानें हेरलें होतें. मुलांना बहुधा होणाऱ्या पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्तीच भ्रमानें स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करिते. गोड खाल्ल्यानें तो होत नाहीं आणि आईच्या हयगयीनेंही होत नाहीं. तेव्हां मुलगी निर्दोष, हें शेजारीणही मान्य करील.

पण आजोबांचें काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो. आपलीं बालकें स्नायूंनीं रोड. पण चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती. २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत डॉ. याज्ञिकांनीं स्वतःचें आणि एका इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के! म्हणजे प्रौढाच्या मधुमेहाचा पाया कांहीं अंशीं गर्भांतच घातला जातो. त्या गृहस्थांच्या आईला सात महिन्यांची असतां काय खावयास मिळालें, याचा जाब तिच्या मुलास सत्तराव्या वर्षीं विचारावयाचा काय?

येथें कोणी म्हणेल, "दोष कोणाचाच नाहीं, तर मग पथ्य तरी कशाला?" हा आक्षेप सोपा नाहीं. आमचें उत्तर असें, कीं दोष मागें पाहतो आणि जबाबदारी पुढें. पूर आपण आणीत नाहीं; तरी पंचगंगेचें पाणी चढूं लागलें कीं माणसें व गुरें वर हलवावीं लागतात. आजोबांनीं रोज चालावें, गोळ्या चुकवूं नयेत, वर्षांतून एकदां डोळे, पाय व मूत्रपिंडें तपासून घ्यावींत, आणि गूळ 'देशी' म्हणून निरुपद्रवी असतो हा भ्रम सोडावा. कारण गुळांतही बहुतेक भाग साखरेचाच. हें सारें त्यांचें कर्तव्य खरें. पण तें शिक्षा म्हणून लादलें, तर काय होतें तें आम्हीं पाहिलें आहे: घरांतला कर्ता पुरुष कोठीच्या अंधारांत चोरून गुळाचा खडा तोंडांत टाकतो. ज्याला घरानें चोर ठरविलें, तो चोरी शिकतो.

मुलीची गोष्ट याहून निकडीची. १९२२ पूर्वीं अशा मुलाच्या आईबापांस त्याच्या मरणाची वाट पाहण्याखेरीज दुसरें कांहीं करतां येत नसे. त्या वर्षीच्या जानेवारींत टोरोंटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम इन्सुलिन टोंचलें गेलें. आणि शोधकांनीं त्याचा हक्क विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकला. रोग कोणाच्या पापानें आला हें त्यांनीं विचारलें नाहीं; आपल्या हातीं काय आहे एवढेंच पाहिलें. तें औषध आज मिळत असतां कोणा बुवाच्या अंगाऱ्यासाठीं एक दिवसही बंद ठेवणें, हा मात्र खरोखरीचा दोष होय.

आणि लपविणें? इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या रक्तांतील साखर कधीं सत्तरच्या खालीं उतरते. हात कांपतात, घाम फुटतो, चित्त भ्रमल्यासारखें होतें. त्या क्षणीं तीन चमचे साखर तोंडांत पडली तर मूल सावरतें; न पडली तर बेशुद्ध होतें. ज्या गांवांत साखरेचीं पोतीं रचलेलीं असतात, तेथें वर्गांतल्या बाईंना ठाऊक नाहीं म्हणून चिमूटभर साखर मिळूं नये, यासारखी विटंबना कोणती? आईची भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. स्थळें मोडतात हें खरें आहे. पण ती लाज मुलीची नव्हे, स्थळ मोडणाऱ्या आम्हां सर्वांची आहे. आमच्या लाजेचें मोल त्या मुलीनें जिवानें कां द्यावें?

संक्रांतीस आम्ही पुनः त्या घरीं गेलों. शेजारीण तिळगूळ वांटीत आली. मुलीपाशीं पोंचतांच तिनें कींव येऊन हात आंखडता घेतला. मुलगी म्हणाली, "मला एक चालतो, काकू. मोजून घेते, तेवढं इन्सुलिन घेते. आजोबांना मात्र अर्धाच द्या, सकाळी फिरायला गेले नाहीत." आजोबा हंसले आणि त्यांनीं सर्वांच्या देखत अर्धा तिळगूळ घेतला. आईनें कोणाला गप्प केलें नाहीं.