भटकणारे मन आणि परतणारा बंदा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण मशिदीत येईनासा झाला. फजरला पहिल्या सफमध्ये उभा राहणारा हा मुलगा जुम्याखेरीज दिसेना. कारण विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मौलाना, ओठांवर सूरह फातिहा असते आणि डोक्यात उधारीचा हिशेब. मशिदीत डोळे पाणावतात, घरी गेलो की अम्मीवर आवाज चढतो. माझ्यासारख्या दुतोंडी माणसाने सफमध्ये उभे राहणे ही अल्लाहची फसवणूक नाही का?"

त्याच्या परवानगीने, नाव न सांगता हे लिहीत आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

या तरुणाचा हिरड्याचा व्यापार आहे. मे महिन्याच्या अखेरीस तो आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे माल घेण्यास निघाला, तेव्हा मीही त्याच्या टेम्पोत बसलो. घोडेगाव मागे पडले, डिंभे धरणाचा जलाशय लागला आणि रस्ता सह्याद्रीच्या माथ्याकडे चढू लागला. या डोंगरातील आदिवासी कुटुंबे पावसाळ्यापूर्वी कोवळा बाळहिरडा तोडून वाळवतात. वर्षातील रोख पैशाचा मोठा आधार तोच. एका वृद्ध मातेने आपले पोते काट्यावर ठेवले. तिला आकडे वाचता येत नव्हते. तरुणाने वजन केले, पोते उतरवले, काटा शून्यावर आहे की नाही ते पाहिले आणि पुन्हा वजन केले. पहिल्या खेपेपेक्षा अर्धा किलो अधिक भरले. त्याने तो अधिक आकडा तिला मोठ्याने सांगितला आणि त्याप्रमाणे पैसे मोजले.

मी काही बोललो नाही. पण मनात आले, स्वतःला मुनाफिक म्हणवून घेणारा माणूस जेथे कोणी पाहत नाही तेथे अल्लाहला पाहत आहे!

असरच्या वेळी आम्ही गावाबाहेर कड्याजवळ गेलो. खाली कोकण, मुरबाडकडचा मुलूख. समोर गोरखगडाचा सुळका. एवढ्यात दरीतून ढग वर आला आणि गड दिसेनासा झाला. काही वेळाने वारा फिरला, गड पुन्हा दिसू लागला. तेव्हा मी त्याला हजरत हंजला (रजि.) यांचा प्रसंग सांगितला.

हजरत हंजला (रजि.) हे आदरणीय पैगंबर (स.) यांचे लेखनिक. एके दिवशी हजरत अबूबकर (रजि.) यांनी त्यांची विचारपूस केली, तेव्हा हंजला मुनाफिक झाला, असे त्यांनी स्वतःविषयीच सांगितले. कारण असे की, पैगंबरांच्या सहवासात जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांसमोर दिसत. घरी परतल्यावर पत्नी, मुले आणि व्यवहार यांत पुष्कळसे विसरले जाई. हजरत अबूबकर (रजि.) यांनी आपलीही तीच अवस्था असल्याची कबुली दिली. दोघेही पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी (स.) त्यांना धिक्कारले नाही. ती अवस्था सदैव टिकली असती तर फरिश्त्यांनी बिछान्यावर आणि रस्त्यावर तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, असे सांगून त्यांनी समजावले की एक वेळ अशी असते आणि एक वेळ तशी. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आला आहे.

वाचकहो, अरबीत हृदयाला 'कल्ब' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी उलटण्याचा, फिरण्याचा अर्थ आहे. बी.ए.ला बहिणाबाई चौधरींची कविता शिकलो, तेथे मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा आहे. पण ढोर पुन्हा शिरले म्हणून कोणी शेतकरी शेती सोडतो काय?

आजचे मानसशास्त्रही मनाचे हे फिरणे मोजू लागले आहे. 1970च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिकसेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांजवळ पेजर देऊन दिवसातून अनेकदा, अवचित वेळी, त्यांच्या मनाची अवस्था टिपून घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी हेच काम मोबाइलवरून केले. 2250 प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला त्यांचा निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 47 टक्के वेळा लोकांचे मन हातातील कामावर नव्हते. मन भटकत असताना माणसे कमी समाधानी होती; आणि ते सुखद विचारांकडे भटकले तरी कामात रमलेल्यांहून अधिक समाधान मिळत नव्हते.

म्हणजे मनाचे भटकणे हा कोणा एकाच्या ईमानातील खोट नव्हे. तो मानवी स्वभाव आहे. ज्याने हा स्वभाव घडवला, त्यानेच दिवसातून पाच वेळा परतण्याची वाट दिली. संशोधकांचा पेजर विचारत असे, तू आता कोठे आहेस? अजानही आपल्याला तेच विचारते आणि सोबत परतण्याचे ठिकाणही सांगते.

याचा अर्थ बेफिकिरीला मोकळीक आहे, असा नव्हे. माणूस नमाज संपवतो तेव्हा त्याच्या वाट्याला कधी दहावा हिस्सा लिहिला जातो, कधी चौथा, कधी अर्धा, अशा आशयाची हदीस आहे. म्हणून हिस्सा वाढवण्याचा प्रयत्न करावा. अजान होताच काम बाजूला ठेवावे, वुजू सावकाश करावा, मोबाइल बंद करावा, जे पठण करतो त्याचा अर्थ शिकावा. मन निसटले की न चिडता परत आणावे. आणि अम्मीवर आवाज चढला असेल, तर त्याच दिवशी तिची माफी मागावी. घराकडे परतणे हीदेखील तौबाच आहे. मात्र दहावा हिस्सा मिळाला म्हणून उरलेले नऊ फेकून देणारा व्यापारी शहाणा कसा म्हणावा?

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी. हजारएक वर्षांपूर्वी अबू जैद अल्-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न उमगणारी उदासी यांत त्यांनी फरक केला व दुसरीचे मूळ शरीरात पाहिले. म्हणून आठवडे लोटले तरी कोणाची झोप, भूक, उमेद परत येत नसेल, तर त्याला 'ईमान कमजोर आहे' असे हिणवू नका. दुआ करा आणि डॉक्टरांकडेही न्या. उपचार घेणे ही सुन्नत आहे.

त्या दिवशी कड्यावर किब्ल्याकडे तोंड करून आम्ही दोघांनी जमाअत केली. समोर ढग येत होता, जात होता. नमाजनंतर त्याचे लक्ष किती होते, हे मी विचारले नाही. माझे स्वतःचे एका रकअतीत परतीच्या रस्त्याकडे गेले होते, हे मात्र मी त्याला सांगितले. तो खूप दिवसांनी हसला. दुसऱ्या दिवशी फजरला तो सफमध्ये होता.

हृदयांना फिरवणाऱ्या हे अल्लाह, आमची हृदये तुझ्या दीनवर स्थिर ठेव, आणि ती भटकली तर आम्हाला परतण्याची लाज वाटू देऊ नकोस. आमीन.