फास्ट

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि २६



आपल्या ठाणे-डोंबिवली-कल्याणकरांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा शब्द म्हणजे फास्ट. "फास्ट आहे की स्लो?" आणि एकादशीला ऑफिसात कुणी डबा पुढे केला की, "नको रे, आज माझा फास्ट आहे." एकीकडे धावणं, दुसरीकडे थांबणं, शब्द मात्र एकच!

गंमत म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ वेगवान असा नव्हताच. तो होता घट्ट, पक्का. धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाला आजही फास्ट कलर म्हणतात. नेम घट्ट धरायचा, म्हणून उपासही फास्ट. नेटाने, जोर लावून धावायचं, त्यातून पुढे वेगाचा अर्थ आला.

गेल्या एकादशीची गोष्ट. निर्जळी उपास, कानात हेडफोन, त्यात अभंग. संध्याकाळी ठाण्याला कल्याण फास्टमध्ये चढताना एका आजोबांनी काहीतरी विचारलं. न ऐकताच मी मान हलवली. ते चढले. गाडी सुटली आणि कळवा मागे पडलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी हेडफोन काढला. "तुम्ही तर म्हणालात कळव्याला थांबते. बायको ॲडमिट आहे हो. भेटायची वेळ सातपर्यंतच असते." हातात डब्याची पिशवी होती.

डोंबिवलीला मी त्यांना परतीची स्लो कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते ते दाखवलं आणि घरी आलो. सोबत गेलो नाही. उपास आहे, दमलोय, असं स्वतःला सांगितलं. ते वेळेत पोचले का, मला कधीच कळणार नाही.

सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. म्हणजे नुसतं रिकामं पोट ही पात्रता नव्हे. खरं काम सव्विसाव्या श्लोकात आहे: चंचल मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. हेच ते घट्ट धरणं.

आपला शब्द तर आणखी सरळ आहे. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाजवळ राहायचं. त्या दिवशी माझी गाडी फास्ट होती, पोटाचा फास्ट होता, पण मन? ते हातभर अंतरावरच्या माणसाजवळसुद्धा नव्हतं. मग देवाजवळ कुठून असणार?

येत्या एकादशीला साबुदाणा की वरई, हे घरचे ठरवतील. आपण एवढाच नेम धरू: कुणी काही विचारलं तर हेडफोन काढायचा, पूर्ण ऐकायचं, मगच उत्तर द्यायचं. आणि गरज पडली, तर दोन स्टेशनं मागे जायचं.

राम कृष्ण हरी!