दम धरणे

मराठीतला ‘दम’ हा शब्द दोन घरांतून आलेला आहे. एक दम संस्कृतातला. शमाच्या जोडीने येणारा, इंद्रियांना आवर घालणारा. दुसरा फारसीतला, त्याचा अर्थ श्वास. दम लागतो, दम तुटतो, दम खावा लागतो, तो हा दुसरा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोघांचे काही नाते नाही. पण बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन्ही एकत्र नांदतात, आणि ‘दम धर’ असे कोणी म्हणाले म्हणजे श्वास धरायचा की मन आवरायचे, हे सांगणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

चाळिशी उलटल्यावर मी पोहायला शिकलो आणि हा प्रश्न शब्दकोशातून उठून माझ्या छातीत येऊन बसला.

लहानपणी पाठीला वाळका भोपळा किंवा डालड्याचा रिकामा डबा बांधून जी पोरे विहिरीत ढकलली जात, त्यांची पाण्याशी ओळख होई ती मरणाशी ओळख होण्याच्या आधी. प्रौढाचे तसे नसते. तो पाण्यात उतरतो तोच भय बरोबर घेऊन. तलावाची लांबी अवघी 25 मीटर. आणि दोन तास चालून न थकणारा माणूस तेवढ्या अंतरात भात्यासारखा धापा टाकू लागतो. हे कोडे प्रत्येक नवशिक्याला पडते, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : आपली ताकद कमी पडते, अधिक जोर लावला पाहिजे. तो अधिक जोर लावतो आणि अधिक लवकर थकतो.

पाण्याचा न्याय निराळा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. पोहण्याचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो, आणि तो वेग टिकवण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट. भीतीने मान वर काढली की पाय खाली जातात, आणि देह नांगरासारखा पाणी उकरीत चालतो. पायांचे स्नायू मोठे. ते जोराने झाडले की प्राणवायू भराभर खर्च होतो आणि पुढे सरकणे मात्र थोडेच होते. धडपडीला आपण ‘हातपाय मारणे’ म्हणतो. पोहायला शिकणाऱ्याला प्रथम हे हातपाय मारणेच सोडावे लागते.

श्वासाची गोष्ट तर याहून बोधप्रद. नवशिका तोंड पाण्यात घालताच श्वास कोंडून धरतो. हवा हीच आपली पुंजी, ती हातची जाऊ नये, असे त्याला वाटते. पण छातीत जी तगमग होते ती बहुतांशी प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर बाहेर न टाकलेला कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडीत छाती रिकामी केली, तर मान वळवताच नवा श्वास आपण होऊन आत येतो. सोडल्यावाचून घेता येत नाही, हे आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकलेले असते. पाण्यात ते कोणी सांगावे लागत नाही.

दमसास वाढवण्याची रीतही साधी आहे. एक लांबी सावकाश जावे, काठ धरून दहाबारा श्वास घ्यावेत, पुन्हा जावे. असे आठ वेळा. पुढच्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. काठावरची विश्रांती तेवढी थोडी कमी करायची. मग दोन लांब्या सलग, मग चार. शरीर दमते ते कष्टाने, पण सुधारते ते विश्रांतीत. आमच्या तलावावर एक निवृत्त तलाठी येत. दंड थोपटीत उतरलेली तरुण पोरे चार लांब्यांत काठाला चिकटत, तेव्हा हे गृहस्थ सातबाऱ्यावर नोंदी कराव्यात तशा शांतपणे फेऱ्या घालीत असत. त्यांच्यापाशी ताकद अधिक नव्हती. उधळपट्टी नव्हती, इतकेच.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या नीतीत घामाला फार मान आहे. यश येवो न येवो, प्रयत्न हाच सद्गुण, असे आपण मानतो. मग ज्या विद्येत कमी धडपडणाराच अधिक दूर जातो, ती आळसाची शिकवण तर नव्हे?

मला तसे वाटत नाही. आळशी देह पाण्यात सरळ राहत नाही. संथपणा राखायला क्षणोक्षणी जागे असावे लागते. सोडायचे असतात ते श्रम नव्हेत. श्रमांत मिसळलेले भय. मिहिर सेन कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले आणि लांब पल्ल्याच्या पोहण्याकडे वळले ते तेथे, प्रौढ वयात. इंग्लिश खाडीने त्यांना अनेकदा परत फिरवले. 1958 साली त्यांनी ती पार केली. त्या यशाइतकेच मला त्या परत फिरण्याचे मोल वाटते; जो वेळीच परत फिरतो, तोच पुन्हा निघू शकतो.

आणि जो परतला नाही, त्याचे काय? कॅप्टन मॅथ्यू वेब याने 1875 साली हीच खाडी प्रथम पोहून पार केली. पावणेबावीस तास तो पाण्यात होता. 1883 साली तो नायगारा धबधब्याखालच्या खळाळात उतरला आणि बुडाला. वय 35. श्वासाचा दम त्याच्यापाशी उदंड होता, संयमाचा दम सुटला, असे म्हणून निबंधकाराला मोकळे होता येईल. पण धाडसाचे खेळ करूनच तो पोट भरीत होता, आणि घरी बायको व दोन मुले होती. कोरड्या जागी उभे राहून त्याला संयमाचा पाठ द्यायला माझी जीभ रेटत नाही.

कारण संथपणा कोणाला परवडतो? पंचवीस मीटरांवर धरायला काठ आहे, हे ज्याला पक्के ठाऊक असते त्याला. माझा दमसास वाढला तो माझ्या निश्चयाने थोडा, आणि त्या काठाच्या भरवशाने फार. पुरात सापडलेल्या माणसाला कोणी संथपणा शिकवीत नाही. एरवी मात्र आपण तो सर्रास शिकवतो. नोकरीच्या परीक्षा वर्षानुवर्षे देणाऱ्या मुलाला, सासरी कोंडमारा सोसणाऱ्या मुलीला, कर्ज डोक्यावर घेऊन पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपण म्हणतो, ‘जरा दम धर.’ सांगणारा कोरडा असतो आणि ऐकणारा पाण्यात. तो जर विचारील, ‘धरतो, पण हाताने धरू काय?’ तर आपल्यापाशी उत्तर नसते.

वर्गात मागे पडलेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात ‘अधिक मेहनत हवी’ असा शेरा लिहिणे आम्हां शिक्षकांना सोपे असते. काही मुलांना तो लागूही पडतो. पण एखादा आधीच जिवाच्या आकांताने हातपाय मारीत असतो. त्याला जोर नको असतो. त्याला आज एवढीच पाच गणिते, मग थांबू, मग पुढची, असे सांगणारा कोणी हवा असतो. त्याचा काठ तोच.

सहनशक्ती हा सद्गुण आहे, याविषयी शंका नाही. पण ती एकट्याच्या छातीत उपजत नाही. थांबायची जागा मिळत गेली तर ती वाढते, न मिळाली तर तिचे नुसते सोसणे होते, आणि सोसणाऱ्याचा एक दिवस दम तुटतो. म्हणून पाण्यातल्या माणसाला उपदेश करण्यापूर्वी त्याच्यापासून काठ किती दूर आहे, ते पाहावे. फार दूर असेल तर आधी तो जवळ आणण्याची खटपट करावी. मग म्हणावे, दम धर.