ओमसवाद : शिवी, हेतू आणि बोलणारा

थेरवादी विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, 'ओमसवाद' अर्थात दुसऱ्याला हिणवून, टोचून बोलणे हा 'पाचित्तिय', म्हणजे कबुलीने ज्याचे निवारण होते असा, अपराध मानला आहे; आणि हे हिणवणे जात, नाव, गोत्र, व्यवसाय, व्याधी, शरीराची ठेवण अशा दहा गोष्टींवरून होऊ शकते, असे सांगताना चंडाल, निषाद, पुक्कुस अशी त्या काळी हीन समजली जाणारी कुळेही तेथे नावानिशी दिली आहेत. या विवेचनातील सर्वांत मार्मिक भाग मात्र निराळाच आहे. ज्याला समाज हीन मानतो, त्याला खिजवण्यासाठी कोणी 'क्षत्रिय' वा 'ब्राह्मण' म्हटले, तरी अपराध तोच ठरतो. शब्द गौरवाचा असूनही त्याची शिवी होते, कारण तिचे मूळ चेतनेत, म्हणजे कृतीमागील संकल्पात, असते. उलट अर्थ किंवा धर्म समजावून देण्यासाठी हीनतावाचक शब्द उच्चारावा लागला, तर त्यात दोष नाही.

एवढ्यावरून 'मनात वाईट नव्हते' हा बचाव पुरेसा ठरावा, पण विनयकार तेथे थांबत नाहीत. हिणवण्याची इच्छा नसताना निव्वळ थट्टेखातर असे बोलणाऱ्यासाठी त्यांनी 'दुब्भासित', म्हणजे वाईट बोलणे, हा सौम्य अपराध ठेवला आहे. थट्टेने दोष हलका होतो, फिटत नाही.

भारतीय कायद्याने आणखी एक प्रश्न विचारात घेतला, तो बोलणारा कोण हा. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार आरोपी अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसावा लागतो, आणि 2015 च्या दुरुस्तीत हेतुपुरस्सर अपमान व जातीच्या नावाने शिवीगाळ यांसाठी स्वतंत्र कलमे झाली, तरी दोन्हींत कृत्य लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडण्याची अट राहिली. यावर 'त्यांनी स्वतःला म्हटलेले चालते, आम्ही म्हटले की गुन्हा' हा आक्षेप नेहमीचा आहे. परंतु दोन कृती सारख्या असून निवाडा वेगळा असेल, तेव्हाच तो दुटप्पीपणा म्हणता येईल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतील संत चोखामेळ्याने अभंगांत आपल्या जातीचे नाव घेतले, ती विठ्ठलापुढची विनवणीही होती आणि गाऱ्हाणेही. तेच नाव गावकीत दुसऱ्याच्या तोंडून हाक म्हणून आले, की ती आज्ञा होत असे. खरा दुटप्पीपणा हेतूचा अंदाज बांधण्यात दिसतो : वरच्याची शिवी थट्टा म्हणून पोटात घातली जाते, आणि दलित कवी नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहातील (1972) शब्द मात्र अश्लील वाटतात.

तरीही या उत्तराने सगळे सुटते असे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला क्रमिक विषमता म्हटले, म्हणजे प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते, आणि अनुसूचित जातींतील एकीने दुसरीला हिणवले तर या कायद्याला तेथे बोलता येत नाही. बोलणाऱ्याचा जन्म न विचारणारा विनय मात्र तेथेही अपराधच पाहील.

वस्त्यांच्या जातिवाचक नावांपाशी तर चेतनेची कसोटीही अपुरी पडते. महाराष्ट्र शासनाने 2020 च्या डिसेंबरात ती बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी रंगवणारा, दाखला लिहिणारा कारकून, पत्ता सांगणारा वाटसरू यांपैकी कोणाच्याही मनात अपमान नसेल, आणि तरी त्या वस्तीतल्या मुलाला प्रत्येक अर्जावर तो शब्द स्वतःच्या हाताने लिहावा लागतो.